आशाताईंनी विचारलेल्या प्रश्नांचं पुढे काय होतं?

इचलकरंजी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



आपल्या खात्याचा एक छापील कागद आहे. आशाताई तो घरोघरी जाऊन भरतात आणि सगळे त्याला सीबॅक फॉर्म म्हणतात. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी तो आहे. वय किती, तंबाखू-विडी-दारू आहे का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह आहे का, स्वयंपाक चुलीवर होतो की गॅसवर. ऐकायला कमी येतं का, धूसर दिसतं का. साठीपुढच्यांना आणखी काही प्रश्न असतात: चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरायला होतं का. शेवटी दोन प्रश्न मनाचे: उदास वाटतं का, कशात रस वाटेनासा झालाय का.

स्मृतिभ्रंशाचा धोका कशाकशाने वाढतो याची जी यादी आज जगभरचे तज्ज्ञ वापरतात, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी या एका कागदावर आधीच आहेत. ज्यांनी तो आखला त्यांचं कौतुकच आहे. माझं म्हणणं आहे ते कागद भरून झाल्यानंतर काय होतं, त्याविषयी.

मी डॉक्टर नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरच्यांचा आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा शाळेच्या एका वर्गात आम्ही जमतो. सुना, लेकी, बायका असतात, पुरुष क्वचित. रात्री दाराला कडी कुठे लावायची, अंघोळीला नको म्हणणाऱ्या माणसाला कसं वळवायचं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, असलं सगळं तिथे बोललं जातं. नवीन आलेली प्रत्येक बाई एक प्रश्न हमखास विचारते, "हे कशानं झालं असंल?" आणि निघताना, चपला घालता घालता, दुसरा विचारते, "मला पण होईल का वो?"

पहिल्या प्रश्नाचं एका माणसापुरतं उत्तर कुणालाच देता येत नाही. दुसऱ्याचं थोडंफार देता येतं, आणि त्यातला बराचसा भाग आपल्या खात्याच्या हातात आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी आजार किती आहे ते. देशात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या ज्या देशव्यापी पाहणीच्या आधारावर तो निघाला, ती पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेली आहे. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. हा शहरातल्या, फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या, सुशिक्षित म्हाताऱ्यांचा आजार आहे हा समज मंत्रालयातही असेल, तर तो एकदा सोडून द्यावा. 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिले, ते योग्यच आहे. पण आमच्या बैठकीत ज्यांच्याविषयी बोललं जातं ती माणसं बहुतेक माग चालवणारी, कांड्या भरणारी, शेतात राबलेली आहेत.

आता कारणांविषयी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेला एक आयोग लंडनच्या प्राध्यापक जिल लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली या विषयावरचं संशोधन दर काही वर्षांनी पारखून घेतो. २०१७ साली त्यांच्या यादीत धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या नऊ गोष्टी होत्या, २०२० साली बारा झाल्या, २०२४ साली चौदा. लहानपणी शाळा न मिळणं. मध्यम वयात ऐकू कमी येणं, वाईट कोलेस्टेरॉल, उदासीनतेचा आजार, डोक्याला जबर मार, व्यायाम नसणं, मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब, लठ्ठपणा, अती दारू. आणि उतारवयात एकटेपणा, हवेचं प्रदूषण, उपचार न झालेली अधू नजर. या चौदाही गोष्टी जगातून नाहीशा झाल्या असं धरलं, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असं त्यांचं गणित आहे.

हे गणित समाजाचं आहे, माणसाचं नाही. सगळं पथ्य पाळणाऱ्यालाही हा आजार होतो, आणि दिवसाला दोन बंडल विड्या ओढणारे नव्वदीतले आजोबा गावच्या पाच पिढ्यांची भाऊबंदकी तोंडपाठ सांगतात. शिवाय यादीतल्या काही गोष्टी कारण आहेत की आजाराचीच पहिली पावलं, हा वाद मिटलेला नाही. उतारवयात नव्याने आलेली उदासीनता हे त्याचं ठळक उदाहरण. तरीही धोरण ठरवणाऱ्याला या यादीचा उपयोग आहे, कारण तिच्यात एकही महागडं औषध नाही.

यादीत कानाचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी आहे. त्या ४५ टक्क्यांतले ७ कानाचे, ७ कोलेस्टेरॉलचे. ही गोष्ट इचलकरंजीतल्या माणसाने मनावर घेतली नाही तर कुणी घ्यायची?

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या गावाने देशाला कापड दिलं आणि आपले कान दिले. बाहेरच्या माणसाला साध्या मागांच्या शेडमध्ये उभं केलं तर पाच मिनिटांत तो बाहेर येतो. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटतो, दर सेकंदाला दोन-तीनदा, आणि असे पंचवीस-तीस माग एका पत्र्याखाली. आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि पाळी बारा तासांची. कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलतात. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरमागे, म्हणजे माग थांबला की पैसा थांबला; त्यामुळे कानाला विश्रांती द्यायला कुणी बाहेर जात नाही. घरी आले की टीव्ही मोठा, बोलणं मोठं. चाळिशीत बायको म्हणते, "ओरडू नका की, म्या हितंच हाय." पन्नाशीत लग्नकार्यात ते कोपऱ्यात बसायला लागतात. साठीत त्यांना कुणी काही विचारत नाही.

आतल्या कानातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे अर्धवट आवाज जातो आणि तो जुळवून अर्थ लावण्यातच त्याची ताकद खर्च होते. ऐकण्याशी जोडलेल्या भागाला काम कमी मिळतं. माणूस लोकांत मिसळेनासा होतो, आणि एकटेपणा तर त्या यादीत वेगळा आहेच. रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील तर कान आणि मेंदू दोघांनाही त्याची झळ बसते. यांतला कुठला रस्ता किती महत्त्वाचा, याविषयी संशोधक अजून भांडतात. सरकारला ते भांडण मिटेपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण ऐकू येणं ही स्वतःच एक चांगली गोष्ट आहे.

कामाच्या जागच्या गोंगाटाने येणारं बहिरेपण हा आपल्याकडे कामगारविषयक कायद्यातल्या यादीतला, सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. पण आमच्या गावातल्या किती खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकांच्या शेडला हा कायदा लागू होतो? दहा-बारा माग, दोन पाळ्यांत मिळून सात-आठ माणसं. कायद्याच्या हिशेबात तो कारखानाच नाही. तिथे बहिरेपण कुणी कुणाला कळवायचं? कामगार खातं म्हणेल हा आरोग्याचा प्रश्न, आरोग्य खातं म्हणेल कामगारांचा. (आणि गणपतीत, शिवजयंतीत, लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचणारी आमची विशीतली पोरं कुठल्याच खात्याच्या हिशेबात नाहीत. मंत्री महोदयांना त्या भिंतींपुढे स्वागताचा नारळ फोडावा लागतो हे मला माहीत आहे, म्हणून जास्त बोलत नाही.)

आता त्या कागदाकडे परत येते. आमच्या गल्लीत तात्या राहतात. बहात्तर वर्षांचे, उभी हयात साध्या मागावर गेली. आशाताई फॉर्म भरायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी विचारलं, "तात्या, नावं, घरचा पत्ता, कवा इसरताय का?" तात्या हसून म्हणाले, "मगाशीच जेवलो." सून आतून म्हणाली, "ऐकाय येत न्हाई त्यास्नी. लिवा, समदं बरं हाय." आशाताईंनी ऐकायला कमी येतं या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली, विसरण्याच्या प्रश्नापुढे 'नाही'वर केली आणि पुढच्या घरी गेल्या.

त्यांचा काही दोष नाही. एका दिवसात किती घरं करायची असतात हे मला ठाऊक आहे, आणि मानधन किती मिळतं हेही. 'हो' आलं तर आरोग्य केंद्रात पाठवा, अशी सूचना आहे. पण आमच्या केंद्रात कान तपासायचं यंत्र नाही आणि ते वापरणारा माणूसही नाही. मग पाठवून काय होणार? तात्यांना बहिरेपण आहे, की विसरणं आहे, की दोन्ही आहे, हे त्या ओसरीवर कुणालाच कळलं नाही. आणि समजा उद्या त्यांना स्मरणशक्तीच्या चाचणीला बसवलं, तर ती चाचणी तोंडी असते. पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे. जे शब्द कानातच शिरले नाहीत ते आठवायचे कसे?

श्रवणयंत्राने फरक पडतो का, असं आपले सचिव विचारतील. त्याचं प्रामाणिक उत्तर असं: २०२३ साली अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ७० ते ८४ वयाचे, ऐकायला कमी येणारे ९७७ जण. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि ते वापरायची शिकवण, निम्म्यांना नुसते आरोग्याचे धडे. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, म्हणजे वय जास्त, रक्तदाब-मधुमेह जास्त, शिक्षण कमी, त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आमच्या गल्लीतली माणसं या जास्त धोक्याच्या गटात बसतील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पण त्या प्रयोगात यंत्र देऊन सोडून दिलं नव्हतं. इथेच आपली गाडी अडते. गटातल्या एका घरी मी शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र पाहिलं. कपाटात, पावडरच्या रिकाम्या डब्यात, सेलच्या कप्प्यात हिरवट गंज चढलेला. "घातलं की शिट्टी मारतंय," असं त्या आजी म्हणाल्या. शिट्टी वाजते कारण कानात बसणारा साचा त्या कानाच्या मापाचा नसतो. फटीतून आवाज बाहेर येतो आणि पुन्हा यंत्राच्याच माइकमध्ये शिरतो. साचा नीट बसवला, आवाज त्या कानापुरता लावला, तर ती थांबते. शिवाय कित्येक वर्षं शांततेला सरावलेल्या माणसाला पहिले काही आठवडे ताटवाटीचा आवाजही नकोसा होतो. या काळात दोन-तीनदा कुणी भेटलं, बटणं फिरवून दिली, सेल कसा बदलायचा हे सुनेला दाखवलं, तर यंत्र कानात राहतं. नाहीतर पावडरच्या डब्यात जातं.

राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीपुढच्या आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा असं काही घ्यायला एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. योजनेला माझा विरोध नाही. तीन हजारांत चष्मा येतो, काठी येते. पण धड डिजिटल श्रवणयंत्र येत नाही, आणि तपासणी-बसवणी तर त्यात धरलेलीच नाही. ज्याच्या खात्यात पैसे आले तो कान तपासायला कुठे जाणार? इचलकरंजीहून कोल्हापूरला, किंवा थेट दुकानात, जिथे विकणाराच तपासतो. केंद्राचा बहिरेपण प्रतिबंध कार्यक्रम २००७ पासून आहे. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी माणसं घडवते. म्हणजे ज्ञान आहे, कार्यक्रम आहे, पैसाही थोडा आहे. तात्यांच्या ओसरीपासून तिथपर्यंतचा रस्ता मात्र कुणी बांधलेला नाही.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे रस्ता अर्धा बांधून झालेला आहे. २०१७ साली देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली दोन-तीन स्वस्त औषधं, ठरलेला क्रम, गोळ्या उपकेंद्रातच, आणि नोंद ठेवलेली. यात काहीच झगमगीत नाही, म्हणून मला तो आवडतो.

या कामाचा मेंदूशी काय संबंध, ते चीनने दाखवून दिलं. तिथल्या ३२६ खेड्यांत, रक्तदाब ताब्यात नसलेल्या चाळिशीपुढच्या सुमारे ३४ हजार लोकांवर चार वर्षं प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. निम्म्या गावांत गावच्याच, मोठी पदवी नसलेल्या वैद्यांनी ठरलेल्या पद्धतीने औषधं दिली, वाढवली, घरी रक्तदाब मोजायला शिकवलं. मोठे डॉक्टर फक्त देखरेखीला. त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी निघाला. एवढ्या मोठ्या संख्येवर, एवढ्या साध्या उपायाने स्मृतिभ्रंशच कमी झाल्याचं दाखवणारा दुसरा प्रयोग माझ्या वाचनात नाही. अल्झायमरच्या नव्या इंजेक्शनची बातमी आली की आमच्या व्हॉट्सॲप गटावर रात्रभर चर्चा चालते. त्यातल्या लेकानेमॅबने दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, पण आजार थांबवला नाही, आणि त्यासाठी सुरुवातीची अवस्था, दर दोन आठवड्यांनी सलाईन, वारंवार एमआरआय, एवढं सगळं लागतं. ज्या गोळीने चीनच्या खेड्यात काम केलं ती आमच्या केंद्रात फुकट मिळते. तिची बातमी कुणी पाठवत नाही.

मात्र इथेही एक खोच आहे. आढाव्याच्या बैठकीत आपल्याला सांगितलं जातं, इतक्या लाखांची तपासणी झाली. तपासणी झाली म्हणजे पट्टा बांधला आणि आकडा लिहिला. त्यातल्या कितींचा रक्तदाब वर्षभराने १४०/९०च्या खाली आहे? मेंदूला उपयोगी पडणारा आकडा तो आहे. आणि हे चाळिशी-पन्नाशीत व्हायला हवं. आजाराची लक्षणं दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षं मेंदूत बिघाड सुरू झालेला असतो. पट्टा बांधायला पंचाहत्तरीची वाट पाहू नये.

बायकांत प्रमाण जास्त का? त्या जास्त जगतात, हे एक कारण. दुसरं १९५१च्या जनगणनेत आहे. तेव्हा देशातल्या बायकांची साक्षरता ८.८६ टक्के होती. आज ऐंशीच्या घरात असलेली बाई त्या वर्षी शाळेत जायच्या वयाची होती. लहानपणी मेंदूला जे वळण लागतं, जे जोड तयार होतात, ती त्याची गाठीची शिल्लक असते. पुढे आजाराने खर्च काढायला सुरुवात केली तरी शिल्लक असेल तर घर चालत राहतं. त्या पिढीतल्या मुलींच्या खात्यात कुणी काही जमाच केलं नाही. आता ते भरून काढता येत नाही. पण आज जी मुलगी सातवीनंतर ऊसतोडीला जाते, किंवा जिचं सोळाव्या वर्षी लग्न लावलं जातं, ती २०८०च्या सुमारास आपल्याच खात्याच्या दारात उभी असेल. शिक्षणमंत्र्यांना हे आपण सांगावं. त्यांना आमच्याकडून ऐकायची सवय नाही.

शाळा म्हणजेच सगळं नव्हे, हेही खरं. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले. दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश एकभाषिकांपेक्षा साडेचार वर्षं उशिरा आला, आणि निरक्षरांतही तो फरक दिसला. सगळ्या अभ्यासांत असंच आढळलेलं नाही. पण आमच्या सीमाभागात ज्या म्हाताऱ्या माहेरची कानडी आणि सासरची मराठी एका वाक्यात वापरतात, त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. कोलेस्टेरॉल तपासायला सरकारी केंद्रात सोय हवी. मोतीबिंदूचं आपलं काम चांगलं चाललंय, तसंच चालू द्या. चुलीचा धूर आणि शहराची हवा दोन्ही मेंदूपर्यंत पोचतात. गॅसची टाकी दिली आणि पुढची भरायला पैसे नसले तर धूर तिथेच राहतो. डोक्याला मार लागू नये म्हणून हेल्मेट हवं, पण त्याविषयी पुण्याच्या लोकांशी बोलण्यात अर्थ नाही. इचलकरंजीचे लोकही त्याबाबतीत पुणेकरच आहेत.

बदाम आणि ब्राह्मी यादीत नाहीत. शब्दकोडी सोडवल्याने शब्दकोडी चांगली सुटतात, याहून जास्त खात्रीने मी काही सांगणार नाही. बी-१२ आणि थायरॉइड मात्र विसरायला होणाऱ्या प्रत्येकाचं तपासलंच पाहिजे. त्यांच्या कमतरतेने येणारं विसरणं सुधारू शकतं, आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरात बसवून ठेवलेल्या काही जणांच्या बाबतीत दोष फक्त तेवढाच असतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातींविषयी. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. आपलं खातं फलक लावतं: व्यायाम करा, पौष्टिक खा, मित्र जोडा, स्मृतिभ्रंश टाळा. आमच्या बैठकीत येणाऱ्या एका लेकीने तो फलक वाचून विचारलं, "म्हंजे आईनं टाळला न्हाई म्हणून झाला व्हय?" सर्वांत मोठा धोका वयाचा आहे, आणि वय कुणी टाळत नाही. काहींच्या गुणसूत्रांत एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार असतो. एका बाजूकडून आला तर अल्झायमरचा धोका काही पट वाढतो, आई-वडील दोघांकडून आला तर आणखी कितीतरी. तो असूनही आजार न होणारे आहेत, नसून होणारेही आहेत. बारा तासांची पाळी करणाऱ्याला व्यायाम करा म्हणणं, आणि शेजारी माग धडधडत असताना कान जपा म्हणणं, यात सल्ला कमी आणि ठपका जास्त आहे. यादीतल्या चौदापैकी बहुतेक गोष्टी शाळा, हवा, रस्ता, कारखाना आणि दवाखाना यांच्या आहेत. फलकावर नाव घालायचंच तर खात्यांचं घाला.

माझी मागणी फार मोठी नाही. स्मृतिभ्रंशासाठी वेगळं मिशन, वेगळं बोधचिन्ह, वेगळी समिती यांतलं काही मागत नाही. सीबॅक फॉर्मवर कानाच्या प्रश्नाला 'हो' आलं तर त्या माणसाची तपासणी महिन्याभरात आणि तालुक्याच्या आतच व्हावी. कान तपासायचं यंत्र चालवायला शिकलेला एक माणूस आठवड्यातून एक दिवस केंद्रात बसला तरी सुरुवात होईल. वयोश्रीचे पैसे श्रवणयंत्रासाठी असतील तर त्यात बसवणी आणि तीन महिन्यांची देखभाल धरावी, आणि रक्कम त्या हिशेबाने ठरवावी. यंत्रमागाच्या शेडसाठी कामगार खात्याबरोबर बसून, कामगारांची संख्या न मोजता, वर्षातून एकदा कानाची तपासणी आणि कानातले बोळे एवढं तरी ठरवावं. बोळे काही रुपयांचे असतात. ते घालून मागाचा बिघाड ऐकू येत नाही अशी कामगारांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून बोळे वाटण्याआधी माग दुरुस्त करणाऱ्या चार जॉबरांना बैठकीला बोलवा. आणि आशाताईंना या प्रत्येक 'हो'च्या पाठपुराव्याचे वेगळे पैसे द्या.

यांतलं काय करायचं ते आपण ठरवालच. तोवर कोल्हापूर जिल्ह्यापुरते तीन आकडे आपल्या खात्याने जाहीर करावेत, एवढी विनंती. गेल्या वर्षी सीबॅक फॉर्मवर ऐकू कमी येतं असं किती जणांनी सांगितलं. त्यातल्या कितींचे कान प्रत्यक्ष तपासले गेले. आणि ज्यांना श्रवणयंत्र मिळालं त्यांतले किती जण सहा महिन्यांनी ते वापरत होते. तिसरा आकडा कुणी गोळा करत नसेल, तर तसंच लिहून कळवलं तरी चालेल. पुढच्या बैठकीत मला ते वाचून दाखवता येईल.

आपली नम्र,
इचलकरंजीची एक रहिवासी